दहाहजारी मनसबदार

औरंगजेबाच्या दरबारात पंचहजारी मनसबदार म्हणजे बडी असामी. आमच्या सोसायटीतले काका त्याच्या दुप्पट. रोज दहा हजार पावलं, मनगटावरच्या घड्याळाच्या साक्षीने! उभी हयात बँकेत गेली. कॅश टॅली झाल्याशिवाय कधी घरी आले नाहीत. निवृत्तीनंतर मुलाने हे घड्याळ पाठवलं आणि काका पुन्हा नोकरीला लागले.

कोपऱ्यावर दूध आणायलाही स्कूटर काढणारा हा माणूस आता चालतो, पोट उतरलंय, हे घड्याळाचं पुण्य नाकारता यायचं नाही. पण वाटेत कुणी भेटलं की काका जागच्या जागी पाय हलवत, हात झुलवत बोलतात. नवख्या माणसाला वाटतं, यांना घाईची लागली आहे.

घड्याळ पायांकडे बघत नाही, मनगटाचे हेलकावे ओळखतं, हा शोध त्यांना मॉलमध्ये लागला. ट्रॉलीच्या दांडीवर हात स्थिर, त्यामुळे एवढी पायपीट करून आकडा जेमतेम हललेला. "लूट आहे ही!" तेव्हापासून ट्रॉली काकू ढकलतात आणि काका शेजारून हात हलवत संचलन करतात. टाळ्या वाजवल्या की मात्र बसल्याजागी चार पावलं पदरात पडतात म्हणे. एका आरतीवर पळ काढणारे काका यंदा गणपतीत सगळ्या आरत्यांना टिपेच्या टाळ्या देत उभे होते.

घड्याळ चार्जिंगला लागलं की मात्र खुर्ची सुटत नाही. काकूंनी कोथिंबीर आणायला सांगितली तर, "आत्ता? सगळी पावलं फुकट जातील!" झोपेचंही तेच. सकाळी ताजेतवाने उठतात, घड्याळात बघतात, गाढ झोप कमी भरली की तिथेच जांभया सुरू. मला विचाराल तर काकांचं शरीर आता काकांना काही सांगतच नाही. जे सांगायचं ते परस्पर घड्याळाला.

दहा हजार हा आकडा डॉक्टरांनी दिलेला नाही. 1965 साली जपानच्या यामासा कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, तेव्हाचा तो बाजारातला आकडा, हे मी त्यांना सांगून पाहिलं. 2019 मध्ये अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्कर बायकांची पाहणी झाली. साधारण साडेसात हजार पावलांच्या पुढे मृत्यूचा धोका आणखी घटताना दिसला नाही, हेही ऐकवलं. काका पाय हलवत ऐकत होते.

"म्हणजे माझी मनसब कापतोस होय रे?"

तुमच्याही वरच्या मजल्यावर असा एखादा मनसबदार राहत असेल. रात्री पावणेबाराला डोक्यावर येरझाऱ्या ऐकू आल्या तर कृपा करून छताला झाडू ठोकू नका. तीन-चारशे पावलं कमी पडत असतील, दुसरं काही नाही. बाराला आकडा शून्यावर जातो. तेवढी पंधरा मिनिटं कळ काढा.