शहापूर, ठाण्याजवळ

आमची मॅटाडोर 1986 सालची. ती ‘विंटेज’ आहे असं मी चारचौघांत सांगत असे, तोवर एका जाणकारानं माझी हवा काढली. केंद्र सरकारच्या 2021 सालच्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणवून घ्यायला गाडीला पन्नास वर्षं व्हावी लागतात. म्हणजे आमची 2036 साली विंटेज होणार, तोवर ती नुसतीच जुनी. शिवाय विंटेज झाली की तिला रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणायचं नाही. म्हातारपणाचा मान मिळेपर्यंत राबायचं आणि मान मिळाला की घरी बसायचं, हा नियम आमच्या निवृत्त मामांना इतका पटला की तो सरकारनं आपल्याला विचारूनच केला असावा असं ते बोलू लागले.

नव्या मंडळींनी मॅटाडोर पाहिलेली नसेल. मूळ घाट हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याचा. आपल्याकडे बजाज टेम्पोनं ती पुण्याजवळ आकुर्डीला बनवली. पुढची चाकं गाडी ओढतात, त्यामुळे पोटाखालून मागे जाणारा लांब दांडा नाही. म्हणून मजला बुटका आणि चढायला सोपी. उतरायलाही सोपी, आणि या प्रवासात उतरण्याचेच प्रसंग जास्त आले. इंजिन ड्रायव्हर आणि शेजारचा यांच्या मधोमध, झाकणाखाली. मामी त्या झाकणावर पोळ्यांचा डबा ठेवायची. पुण्यात केलेल्या पोळ्या जालन्यात वाफाळत्या निघाल्या. असं सुख नव्या गाडीत मिळत नाही, आणि मे महिन्यात ते कुणी मागतही नाही.

आमच्याकडे येण्याआधी ती एका ब्रास बँडकडे होती. वरून क्रीम रंग दिला, पण उन्हात खालची लाल अक्षरं उमटतात. लग्नसराईत त्यामुळे सिग्नलला लोक काच वाजवून दर विचारतात. मामा एकदा सवयीनं घासाघीस करून बसले होते.

तर मेहुण्याचं लग्न साकोलीला. पुण्याहून आम्ही पाच जण: मी, बायको, चौदा वर्षांचा मुलगा आणि माझे मामा-मामी. मुलगा म्हणाला, समृद्धीनं जाऊ. मी म्हटलं, जिथे लोक 120 नं जातात तिथे आपण 50 नं जाऊन कुणाची वाट अडवायची? जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा, वर्धा या जुन्या रस्त्यानं निघालो. या रस्त्याचा मोठा फायदा म्हणजे दर पाच किलोमीटरवर सल्ला मिळतो.

पहिला सल्ला सिंदखेडराजाच्या अलीकडे मिळाला. रेडिएटर गळायला लागला होता. ढाब्यावरच्या एका ट्रकवाल्यानं वाकूनही न पाहता विचारलं, “हळद आहे का?” हळद होती. बायकोनं भावाच्या हळदीसाठी खास सांगलीची हळद घेतली होती, अर्धा किलो. तत्त्व साधं आहे: पाण्याबरोबर फिरता फिरता भुकटी भोकापाशी जाऊन बसते, फुगते आणि भोक बुजतं. बायकोला तत्त्व मान्य होतं, हळद देणं मान्य नव्हतं. शेवटी चार चमचे निघाले. गळती थांबली. नवरदेवाच्या आधी हळद मॅटाडोरला लागली, आणि पुढे वर्ध्यापर्यंत बॉनेटच्या फटीतून पिठल्याचा वास येत राहिला.

कारंज्याला डिझेलची टाकी पाझरू लागली, तिथे कपडे धुण्याचा साबण घासला. पाणी साबणाला विरघळवतं, डिझेल त्याच्या वाटेला जात नाही, म्हणून तो लेप टिकतो. हळद झाली, साबण झाला. “आता फक्त मुंडावळ्या राहिल्या,” मामी म्हणाली.

हे सगळं माझ्या आळसाचं फळ होतं हे मी इथेच कबूल करतो. निघण्यापूर्वी रबरी नळ्या बदलून घ्या असं पुण्याच्या मिस्त्रीनं दोनदा बजावलं होतं. मी त्याऐवजी सीट कव्हरं बदलली.

नागपूरला मुक्काम करून सकाळी निघालो. मौद्याला कन्हान ओलांडताना गाडी खोकली. पुढे तिनं एक पद्धतच ठरवून टाकली: उभी असताना गुणी बाळासारखी चालायची, वेग मागितला की तीन आचके देऊन गप्प. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. असं करत करत ती शहापूरला एका चहाच्या टपरीसमोर कायमची थांबली. भंडारा आता हाताच्या अंतरावर, साकोली त्याच्या पुढे, लग्न दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आणि सकाळच्या साडेदहालाच डांबर मऊ व्हायला लागलेलं.

गाडी बंद पडली की माणसं जमतात. पण ती गाडी पाहायला जमत नाहीत. ज्याला जे भोवलेलं असतं, ते तो तुमच्या गाडीत शोधतो. एकाला मागच्या वर्षी भेसळीचं डिझेल मिळालं होतं. त्यानं टाकीचं टोपण हुंगून “भेसळ” असा निकाल दिला. एकाच्या ट्रॅक्टरचा पंप गेला होता, तो पंपावर ठाम. मुलानं फोनवर तीन व्हिडिओ पाहिले आणि तीन वेगवेगळे आजार काढले. जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले, त्यांनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही; आधी सगळ्यांच्या विड्या विझवायला लावल्या आणि मग सावलीत जाऊन बसले. त्या गर्दीतलं एवढंच एक काम निर्विवाद उपयोगी होतं.

आमच्या मामांना आयुष्यभर पित्ताचा आणि वाताचा त्रास. त्यांनी इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, “हिला गॅस झालाय.”

कुणी लक्ष दिलं नाही.

मी पुण्याच्या एका मित्राला फोन लावला. जुन्या गाड्यांचे भाग जमवायचा त्याला नाद. तो म्हणाला, “फीड पंप. शंभर टक्के. माझ्याकडे पडलाय.” त्याच्याकडे नोझल पडलं असतं तर आजार नोझलचा निघाला असता हे आता कळतं. तेव्हा मी म्हटलं, लगेच कुरियर कर. त्यानं पत्ता विचारला. शहापूर. “कुठलं शहापूर?” मी टपरीवाल्याला विचारलं, जवळचं ठळक ठिकाण कोणतं? तो म्हणाला, “ठाना.”

आता इथे भूगोलानं आणि व्याकरणानं संगनमत केलं. भंडाऱ्याच्या या शहापूरजवळ महामार्गावर ठाणा नावाचं गाव आहे. सगळे त्याला ठाणा पेट्रोलपंप म्हणतात. शहापूर नावाचा एक तालुका ठाणे जिल्ह्यातही आहे, मुंबई-नाशिक रस्त्यावर. ठाणा काय आणि ठाणे काय, विभक्ती लागली की दोघांचं ‘ठाण्या’ होतं. मी खणखणीत आवाजात सांगितलं, “शहापूर, ठाण्याजवळ. हायवेला उभी आहे मॅटाडोर, कुणीही दाखवेल.” पिनकोड मला ठाऊक नव्हता. मित्रानं तो आपल्या अकलेनं घातला. माझ्या पत्त्यात एकही शब्द खोटा नव्हता, फक्त सातशे किलोमीटरचा फरक होता.

साडेअकराला मिस्त्री आला. मोपेड, तारेच्या पिशवीत तीन पाने, एक पेचकस आणि एक प्लास्टिकची बाटली. आधी त्यानं चहा घेतला. पिता पिता बायकोला दोन प्रश्न विचारले, कारण ती त्याच्या भाषेतली होती. “चढावर बंद पडते का ताई, का सपाटीवर बी?” दोन्हीकडे. “खाली डिझल सांडते का?” थेंबही नाही. यावर तो समाधानानं हसला. थेंब नाही याचा आनंद मलाही झाला होता, पण त्याचा आनंद निराळा होता.

त्यानं बाटलीत डिझेल भरलं, ती आरशाच्या दांड्याला उलटी टांगली आणि तिची नळी थेट पंपाला जोडली. टाकीशी संबंध तोडला. “सलाइन लावली,” टपरीवाला गर्दीला समजावून सांगू लागला. पंपाशेजारचा हातपंप दहा-बारा वेळा दाबला, स्टार्टर मारला, आणि गाडी सुरू! मिस्त्रीनं रेस दिली, तिनं घेतली. आचका नाही, खोकला नाही. म्हणजे इंजिन ठणठणीत, पंपही ठणठणीत. आजार टाकी आणि पंप यांच्या मधे कुठेतरी. पुण्याहून निघू घातलेला पंप निघण्याआधीच निकामी ठरला होता, पण हे कळवायला मी फोन केला तेव्हा मित्र अभिमानानं म्हणाला, “पाठवला सुद्धा!”

मिस्त्री गाडीखाली गेला. तिथून त्याचा आवाज आला, “भाऊ, दोस नरीचा आहे.”

मी चपापलो. माझ्या कानांनी ‘नारीचा’ ऐकलं. मामीनंही तेच ऐकलं असावं, कारण तिनं पदर खोचला.

“नरी लई जुनी झाली,” खालून आवाज, “वरून साजरी दिसते, पन आतून चिरली. अशी नरी घेऊन पुन्याहून कायले निघालात जी?”

“अहो, कोण जुनी झाली?” मामी कडाडली. “आमच्या नारींनी हळद दिली, साबण दिला!”

बायको टपरीच्या बाकावर पोट धरून बसली होती. हसू आवरल्यावर तिनं खुलासा केला. झाडीपट्टीच्या बोलीत ‘ळ’ नाही आणि ‘ण’ही नाही. काळा तो कारा, डोळा तो डोरा, पाणी ते पानी. नळी ती नरी. तेवढ्यात मिस्त्री हातात वीतभर रबरी नळी घेऊन बाहेर आला आणि ती त्यानं क्लिपपाशी वाकवली. केसाएवढी चीर उघडली.

मग त्यानं जे सांगितलं ते असं. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. ओढणाऱ्या नळीला चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. म्हणून खाली थेंब नाही. पेट्रोलची गाडी ठिणगीवर जगते, डिझेलची दाबावर. डिझेल दबत नाही म्हणून त्याच्या जोरानं नोझल उघडतं. हवा मात्र दबते. बुडबुडा शिरला की पंप त्यालाच दाबत बसतो आणि नोझलपर्यंत जोर पोचतच नाही.

“म्हणजे गॅसच ना?” मामा म्हणाले.

मिस्त्री क्षणभर थांबला. “हो जी. गॅसच.”

मामांनी आमच्या प्रत्येकाकडे एकेक करून पाहिलं. घाई केली नाही.

तसली नळी शहापुरात त्या घटकेला मिळेना. शेजारी एका घराचं बांधकाम चालू होतं. मिस्त्री तिकडे गेला आणि गवंड्याकडून लेव्हलच्या पारदर्शक नळीचा हातभर तुकडा कापून घेऊन आला. “हिच्यातून बुडबुडा डोऱ्यानं दिसते,” तो म्हणाला. ही नळी डिझेलमध्ये काही आठवड्यांत कडक होते, साकोलीहून परतलात की बदला, असंही बजावलं. या वेळी मी ते लिहून घेतलं.

नळी बसली, पण जोडाच्या बोल्टखालचा तांब्याचा वॉशर चपटा होऊन कडक झाला होता. तिथूनही हवा शिरायची. नवा वॉशर आणायला भंडाऱ्याला जावं लागणार, असं मिस्त्री म्हणेतो टपरीवाल्याचे वडील खाटेवरून उठले. भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव, आणि म्हाताऱ्याची हयात तिथे भांडी ठोकण्यात गेलेली. त्यांनी वॉशर चिमट्यात धरला, टपरीच्या गॅसवर लाल होईपर्यंत तापवला आणि चहाचे ग्लास विसळायच्या बादलीत टाकला. चुर्र! लोखंड लाल करून पाण्यात टाकलं तर कडक होतं. तांबं नरम होतं. ठोकून ठोकून ताठ झालेल्या भांड्याला असाच ताव देतात म्हणे, मग ते पुन्हा ऐकायला लागतं. मामी माझ्याकडे बघून म्हणाली, “माणसांना चालतं का हे?”

मग हवा काढण्याचा सोहळा. मिस्त्रीनं फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला, मुलगा हातपंप दाबू लागला. आधी फुस्स, मग फेस, मग बुडबुडे, मग काचेसारखी सलग धार. स्क्रू आवळला. नंतर नोझलांचे नट सैल करून स्टार्टर, पुन्हा फुस्स, पुन्हा धार, पुन्हा आवळणं. मामा शेजारी उभं राहून प्रत्येक फुस्सला मान डोलवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते फक्त भुक्तभोग्यालाच कळेल. चौथ्या वेळी गाडीनं पांढऱ्या धुराचा एक मोठा ढेकर दिला आणि सुरू झाली.

मिस्त्रीनं तीनशे रुपये घेतले. म्हाताऱ्यानं काहीच घेतलं नाही, फक्त पुण्यात पितळेचं पातेलं काय भावानं जातं ते विचारलं आणि आकडा ऐकून खाटेवर आडवे झाले. आम्ही निघत असताना एका दुचाकीवाल्यानं मॅटाडोरवरची लाल अक्षरं वाचून 22 तारखेचा दर विचारला. वैनगंगेच्या पुलावर मी गाडी साठवर नेली. काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी साकोलीच्या मांडवात, अक्षता हातात असताना फोन वाजला.

“साहेब, पार्सल आहे. शहापूरला हायवेवर उभा आहे मी. तुम्ही कुठे?”

मी बाजूला जाऊन दोन्ही शहापुरं समजावून सांगितली. पोरगा सगळं ऐकून म्हणाला, “पण साहेब, मॅटाडोर इथे उभी आहे की. बंद पडलीय. मालक म्हणतात पंप त्यांचाच असणार. पैसे द्यायला पण तयार आहेत.”

“वेग दिला की आचके देते का त्यांची?”

पलीकडे विचारणा झाली. “हो म्हणतात.”

“खाली डिझेल सांडतंय?”

“थेंबभर पण नाही म्हणतात.”

“मग त्यांना सांग, पंप राहू दे. आधी नरी बघा.”

फोनवर थोडा वेळ शांतता. मग पोरगा दबक्या आवाजात म्हणाला, “साहेब, मॅडम गाडीतच बसल्यात.”