उच्चांकभक्षी : बोईसर-तारापूर परिसरातील एका प्रजातीचा अभ्यास

शुक्र हा ग्रह स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करायला २४३ पृथ्वीदिवस घेतो आणि सूर्याभोवतीची फेरी मात्र २२५ दिवसांत उरकतो, म्हणजे तिथला दिवस तिथल्या वर्षाहून मोठा भरतो, ही माहिती बोईसरच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या मनुष्यास कोणत्याही ज्ञात अर्थाने उपयोगाची नाही; तरीही ती त्याला देण्यात येते. देणारा सामान्यतः पन्नाशीचा, खिशाला दोन पेने लावणारा आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरील कंटाळ्याचा अर्थ विस्मय असा लावणारा असतो. सर्वांत उंच, सर्वांत खोल, सर्वांत जुने आणि सर्वांत विषारी यांवरच ज्याचा बौद्धिक उदरनिर्वाह चालतो, अशा या प्राण्यास प्रस्तुत निबंधात ‘उच्चांकभक्षी’ असे संबोधले आहे.

या प्रजातीच्या दोन उपजाती आढळतात. पहिली सांगणाऱ्यांची, ती निरुपद्रवी असून चहा पाजल्यास शांत होते. दुसरी दुरुस्त करणाऱ्यांची. शुक्राचा वरील दाखला कानावर पडताच ती सांगते की फेरी वेगळी आणि दिवस वेगळा. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ हाच दिवस मानला, तर शुक्रावरचा दिवस सुमारे ११७ पृथ्वीदिवसांचाच होतो, कारण तो ग्रह उलट दिशेने फिरतो. हे म्हणणे पूर्णतः बरोबर असते, आणि म्हणूनच अशा माणसाला नातेवाईक लग्नाच्या बोलणीला सोबत नेत नाहीत. प्रस्तुत लेखक दुसऱ्या उपजातीत मोडतो, एवढे नोंदवून पुढे जाणे वस्तुनिष्ठतेच्या दृष्टीने आवश्यक आहे.

उच्चांकभक्ष्याला पालघर जिल्ह्याची हवा विशेष मानवते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा निघालेला हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा वयाने कोवळा असला, तरी त्याच्या किनाऱ्यावर तारापूर आहे, आणि तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ पासून, म्हणजे नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरल्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. देशातील पहिले अणुवीज केंद्र हा मान तर आहेच, पण पुढे अर्धे शतक त्या चालत राहिल्यामुळे जगातील सर्वांत जुन्या चालू अणुभट्ट्यांत त्यांची गणना होऊ लागली, आणि बोईसरच्या उच्चांकभक्ष्याला घरबसल्या जागतिक दर्जाचा खुराक मिळाला. २०२० साली त्या दोन्ही भट्ट्या दीर्घ दुरुस्तीसाठी थांबवण्यात आल्या, तेव्हा त्यांच्याविषयी बोलताना वर्तमानकाळ वापरावा की भूतकाळ, यावर दोन उपजातींमध्ये उद्भवलेला वाद केळवे रोडपर्यंत टिकल्याचे आढळते.

या भट्ट्या ‘बॉयलिंग वॉटर रिअ‍ॅक्टर’ प्रकारच्या आहेत, म्हणजे युरेनियमच्या दांड्यांभोवतीचे पाणी भट्टीतच उकळते आणि त्याच पाण्याची वाफ थेट टर्बाइनचे चक्र फिरवते. शेजारच्या, २००५ आणि २००६ साली सुरू झालेल्या ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्यांत मात्र दाबाखाली ठेवलेले जड पाणी उष्णता वाहून आणते आणि दुसरेच साधे पाणी उकळवते. एक ग्रॅम युरेनियम-२३५ चे पूर्ण विखंडन झाले, तर सुमारे एक मेगावॉट उष्णता जवळजवळ दिवसभर मिळत राहते. अणूचे पोट फोडून, विश्वातील एक प्रचंड शक्ती मोकळी करून, माणसाने अखेर काय केले, तर चहाच्या किटलीत होते तेच, पाणी उकळवले. हे ऐकून श्रोता प्रथमच मान वर करतो आणि विचारतो, ‘काका, मग आमच्याकडे दर पावसाळ्यात लाइट का जाते?’ यावर वीज आधी ग्रीडमध्ये, म्हणजे अनेक राज्यांच्या सामाईक जाळ्यात जाते आणि शेजारी राहणाऱ्याला त्या जाळ्यात वशिला नसतो, असे शास्त्रशुद्ध उत्तर उपलब्ध आहे. ते बरोबर असूनही आजवर कोणाचे समाधान झालेले नाही.

किरणोत्साराची भीती घालवण्यासाठी उच्चांकभक्षी वसईच्या केळ्यांचा आधार घेतो. पोटॅशियम या मूलद्रव्याचा एक अल्पांश, पोटॅशियम-४०, किरणोत्सारी असतो आणि त्याचे अर्धायुष्य, म्हणजे त्याच्या साठ्यातील निम्मे अणू फुटून जायला लागणारा काळ, सुमारे सव्वा अब्ज वर्षे आहे. केळ्यात पोटॅशियम भरपूर, तस्मात वसईची सुकेळीही किंचित किरणोत्सारी, आणि ती खाणाऱ्या मनुष्याच्या देहातही दर सेकंदाला असे चार हजारांहून अधिक अणू फुटत असतात. ही माहिती चौथ्या आसनावर अर्धे अंग टेकून बसलेल्या प्रवाशास दिल्यास तो उठून दारात उभा राहतो, असा अनुभव आहे.

येथे चिकूविषयी थोडे विषयांतर अपरिहार्य ठरते. (थोडे हे विशेषण परंपरेने वापरले आहे.) डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावाने दुसऱ्या गावचा चिकू विकण्यास कायद्याने मज्जाव झाला, परंतु हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले, आणि तिथल्या माणसांना त्याच्या फळाइतकेच त्याच्या चिकाचे वेड होते. मेक्सिकोचे अध्यक्षपद अनेकदा भूषवलेला आणि तितक्याच वेळा गमावलेला सेनापती सांता आना हा १८६० च्या दशकात न्यूयॉर्कजवळ स्टेटन आयलंडवर निर्वासित म्हणून राहत असताना त्याने हा चीक सोबत आणला, कारण त्यातून स्वस्त रबर तयार करून पुन्हा सत्ता मिळवण्याइतका पैसा उभा करता येईल, अशी त्याची कल्पना होती. टॉमस अ‍ॅडम्स नावाच्या अमेरिकन खटपट्याने त्या चिकापासून चाके, खेळणी आणि पावसाळी बूट करण्याचे प्रयत्न केले. एकही जमला नाही, आणि शेवटी त्याने तो चीक चघळण्यासाठी विकायला काढला. १८७१ साली त्याने च्युइंगगमच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि श्रीमंत झाला. सांता आनाला त्यातून सत्ता मिळाली नाही ती नाहीच. विषयांतर इथे थांबणे शक्य होते. परंतु याच सांता आनाचा एक पाय १८३८ साली फ्रेंचांच्या तोफेने गेला होता, आणि १८४२ साली अध्यक्षपदी असताना त्याने तो पाय उकरून काढून राजधानीत संपूर्ण लष्करी इतमामाने पुन्हा पुरला, हे सांगितल्यावाचून कोणत्याही खऱ्या उच्चांकभक्ष्याला घोलवड ओलांडता येत नाही. त्याचा कृत्रिम पाय १८४७ च्या लढाईत अमेरिकन सैनिकांनी पळवला आणि तो इलिनॉय राज्याच्या संग्रहालयात गेला, हा मजकूर उंबरगावपर्यंत पुरतो. सारांश, बोर्डीच्या बागेतला कच्चा चिकू चावून ओठ चिकटवून घेणारे पोर नकळत त्याच उद्योगाची पुनरावृत्ती करीत असते, ज्यावर एका खंडाची जबडेचाळवणी उभी राहिली. आणि त्या पोराला हे थांबवून सांगणारा मनुष्य जवळपास असतोच.

घोळ माशाचे प्रकरण त्या मानाने आटोपशीर आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मुरबे येथील एका बोटीच्या जाळ्यात १५७ घोळ मासे लागले आणि त्यांना सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये मिळाले. एवढ्या किमतीचे कारण माशाच्या चवीत नसून त्याच्या पोटातील हवेच्या पिशवीत आहे. पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगत राहण्यासाठी मासा जी पिशवी फुगवतो किंवा आकसवतो, ती वाळवून पूर्व आशियातील बाजारांत औषधी आणि मेजवानीचा पदार्थ म्हणून विकली जाते. तेव्हापासून किनाऱ्यावरचा प्रत्येक उच्चांकभक्षी हे आकडे अशा आवाजात सांगतो की जणू जाळे त्यानेच ओढले. वास्तविक त्याला होडीत उभे राहता येत नाही, आणि सातपाटीच्या पापलेटाचा भाव विचारण्याचे धैर्यही पगाराच्या आठवड्यातच येते. २०२३ साली पापलेट राज्याचा मासा म्हणून घोषित झाल्यावर तो भाव उतरेल, असा त्याचा एक भाबडा अंदाज होता.

इथवरचा अभ्यास निर्वेध चालतो. अडचण डहाणू आणि तलासरीकडची माणसे डब्यात असली की सुरू होते. नोव्हेंबर २०१८ पासून त्या भागात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपांची झुंड सुरू झाली. झुंड म्हणजे एक मोठा मुख्य धक्का आणि त्यामागून येणारे लहान धक्के अशी नेहमीची उतरंड नसून बरोबरीचे असंख्य धक्के महिनोन्‌महिने येत राहणे. १ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांतील एकाची महत्ता ४.१ होती. उच्चांकभक्षी यावर ताबडतोब १९६० च्या चिलीतल्या ९.५ महत्तेच्या भूकंपाचा दाखला देतो आणि, महत्ता एकाने वाढली की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट वाढते या हिशेबाने, चिलीचा धक्का धुंदलवाडीच्या धक्क्याहून सुमारे साडेबारा कोटी पट मोठा होता, असे समोरच्यास दिलासा म्हणून सांगतो. दुसरी उपजाती त्यातही भर घालते की ‘रिश्टर स्केल’ हा शब्दप्रयोग आता शास्त्रात जुना झाला असून महत्ता म्हणणे अधिक योग्य.

हा गुणाकार निर्दोष आहे. परंतु हे धक्के उथळ होते, म्हणजे त्यांचा उगम जमिनीखाली थोड्याच किलोमीटरवर होता, त्यामुळे आकड्याने लहान असूनही ते आवाजासकट थेट भिंतीत शिरत, मांडणीवरची भांडी खाली येत, आणि त्या हिवाळ्यात कित्येक कुटुंबांनी कुडाच्या, विटांच्या, ज्या असतील त्या घरांबाहेर तंबूत रात्री काढल्या. अंगणात पोराला गोधडीत गुंडाळून बसलेल्या बाईला साडेबारा कोटी हा भागाकार करून काही मिळत नाही. तिची भिंत चिलीत नसते. जगाच्या टोकांची माहिती पाठ करण्यात जी एक छुपी सोय असते, ती अशा वेळी उघडी पडते: जवळचे काहीही त्या टोकांशेजारी ठेवले की ते इतके लहान दिसते, की त्याकडे पाहण्याची जबाबदारी उरत नाही. तारापूरचा उल्लेख ज्या प्रश्नमंजूषांत हमखास येतो, त्यांत तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी उठवलेल्या पोफरण आणि अक्करपट्टी या गावांवर प्रश्न आल्याचे ऐकिवात नाही. दोन गावे हा कोणत्याच अर्थाने उच्चांक नसतो.

आणि जो एक उच्चांक खरोखर या भूमीचा, निर्विवाद आणि सरकारी मोहोर उठलेला आहे, तो सांगायला दोन्ही उपजाती कचरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ ‘सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांक’ काढते, म्हणजे एखाद्या औद्योगिक क्षेत्राची हवा, पाणी आणि जमीन मिळून शंभरपैकी गुण देते. या परीक्षेत गुण जितके जास्त तितका विद्यार्थी वाया गेलेला, आणि सत्तरच्या वर गेल्यास क्षेत्र अतिगंभीर प्रदूषित मानले जाते. २०१८ च्या मूल्यमापनात देशभरातील १०० औद्योगिक क्षेत्रे होती. तारापूरला ९३.६९ गुण मिळाले. देशात पहिला क्रमांक. दिल्लीतील नजफगढ नाल्याचे खोरे ९२.६५ गुणांनी दुसरे. बोर्डाच्या परीक्षेत एवढे गुण पडते, तर बोईसरच्या नाक्यावर फ्लेक्स लागले असते. कारखान्यांचे सांडपाणी नवापूरच्या बाजूने ज्या समुद्रात सोडले जाते, त्याच समुद्रात मुरब्याची आणि सातपाटीची जाळी पडतात, आणि किनाऱ्यालगत पूर्वीसारखा मासा लागत नाही, म्हणून दूर जावे लागते, असे मच्छीमार वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. म्हणजे त्या १५७ घोळांची गोष्ट सांगताना बोट किती लांब गेली होती, हेही सांगावे लागेल. ते सांगितले जात नाही. प्रस्तुत लेखकानेही हा निर्देशांक आजवर चारचौघांत उच्चारलेला नाही, आणि शुक्राच्या दिवसाबाबत दाखवलेला काटेकोरपणा इथे कोठे गेला, याचे शास्त्रीय स्पष्टीकरण अद्याप हाती आलेले नाही.

नव्या खुराकाची व्यवस्था दरम्यान होतच आहे. ताशी ३२० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मुंबई-अहमदाबाद गाडीचे एक स्थानक बोईसरला होणार आहे, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाल्यापासून ‘जगातील पहिल्या दहा बंदरांत’ हे शब्द तोंडपाठ झाले आहेत. १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवलेल्या डहाणू तालुक्यात हे बंदर उभे राहणार असून किनाऱ्याची नैसर्गिक खोली हे त्याच्या निवडीचे एक कारण आहे. पहिली उपजाती हे कौतुकाने सांगते. दुसरी तिला थांबवून बजावते की पहिल्या दहांतले स्थान हे पूर्ण क्षमतेच्या हिशेबाने आहे, प्रत्यक्ष वाहतुकीच्या नव्हे, आणि त्या बाबतीत शांघायने २०२४ साली पाच कोटी कंटेनरांचा टप्पा ओलांडला आहे. समोरच्या बाकावर वरोरच्या, वाढवणच्या मासळी विकून परतणाऱ्या बाया रिकाम्या टोपल्या पायांशी ठेवून बसलेल्या असतात. त्यांच्यापैकी एखादी विचारते, ‘भाऊ, मग आमच्या होड्या कुठं लावायच्या?’ यावर दोन्ही उपजाती खिडकीबाहेर पाहू लागतात. वाणगाव आले की बाया उतरून जातात, आणि मग डब्यात उरलेल्यांना शांघायची उरलेली माहिती डहाणू रोड येईपर्यंत सविस्तर ऐकवता येते.