राजीनामावीर

पूर्वी पुण्यात संसाराचा कंटाळा आला की माणूस काशीला जायचा. हल्ली नोकरीचा कंटाळा आला की हनोईला जातो. काशीला जाणारा सगळी निरवानिरव करून जायचा, हनोईला जाणारा फ्लॅट भाड्याने देऊन जातो. एवढा फरक सोडला तर वैराग्य तेच.

या नव्या वैराग्याच्या मानकऱ्याला आम्ही राजीनामावीर म्हणतो. वस्ती बाणेर, वाकड किंवा त्याच्या आसपास. वय तिशी ओलांडलेले, पस्तिशी खुणावणारे. नोकरी हिंजवडीत, हुद्द्यात कुठेतरी 'लीड' हा शब्द आणि पगार असा की वडिलांना सांगताना त्यालाच ओशाळे वाटावे. असे सगळे बरे चाललेले असताना सोमवारी सकाळी भूमकर चौकात त्याची गाडी अडकते. पुढे डंपर, मागे कंपनीची बस, आणि फोनवर कुणीतरी आइसलँडमध्ये धबधब्यासमोर हात पसरून उभे असलेले. तासभर एका जागी उभा राहिलेला माणूस जग फिरायचा विचार करणार नाही तर काय करणार? चौक सुटेपर्यंत राजीनाम्याचा मजकूर मनात तयार असतो.

मग नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड सुरू होतो. राजीनामावीराच्या आयुष्यातला हा सुवर्णकाळ. काम कुणी देत नाही आणि पगार कुणी थांबवत नाही. कॅन्टीनमध्ये त्याच्याभोवती घोळका जमतो. ज्यांचे गृहकर्ज अजून अठरा वर्षे फिटायचे नाही, ते त्याच्याकडे हुतात्म्याकडे बघावे तसे बघतात. ज्या मॅनेजरने चार दिवसांच्या रजेसाठी त्याला चार मेल लिहायला लावले होते, तोही एके दिवशी केबिनचे दार लोटून हळूच विचारतो, "एकूण किती लागतात रे?"

त्याचे उत्तर एक्सेलमध्ये असते. राजीनामावीराने नोकरीचा त्याग केलेला असतो, एक्सेलचा नव्हे. व्हिसा न लागणारे देश हिरवे, घरबसल्या ई-व्हिसा देणारे पिवळे, दूतावासाच्या पायऱ्या झिजवायला लावणारे लाल. नेपाळ हिरवा, 2023च्या डिसेंबरपासून मलेशिया हिरवा. तिथून तो पश्चिमेकडे सरकू लागतो तशी पाटी लाल होत जाते. पण हे दुःख पुढचे.

आधी घरचा व्हिसा काढायचा असतो. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. प्रवास ही खात्याने मंजूर करायची आणि तिकिटांच्या झेरॉक्स जोडून वसूल करायची गोष्ट आहे, अशी त्यांची आयुष्यभराची श्रद्धा. एलटीसीवर महाराष्ट्रदर्शन करून आले ते अजून सांगतात, आणि त्यातला निम्मा वेळ बिल कसे पास झाले हे सांगण्यात जातो.

"अरे, पण राजीनामा कशाला? रजा टाक की. अर्जित असेल, अर्धपगारी असेल."

"बाबा, आमच्याकडे अर्धपगारी नसते."

"नसते? मग कसली डोंबलाची नोकरी ती! सोड."

परवानगी अशी मिळते. आईची अडचण वेगळी. नातेवाइकांना सांगायचे काय? 'नोकरी सोडून भटकतोय' हे वाक्य मंगल कार्यालयात उच्चारण्याजोगे नसते, त्यात स्थळे बघणे चालू. तेव्हा आई 'ऑनसाइटला गेलाय' असे सांगू लागते. कुणी खोदून विचारलेच, तर म्हणते, "एका ठिकाणी नसतो हो, फिरतीचं काम आहे." यातले फिरतीचे तेवढे शंभर टक्के खरे.

निघायच्या आदल्या रात्री पाठपिशवी भरली जाते. माणसाला जगायला फार कमी लागते, असे वीराने अलीकडेच कुठेतरी ऐकलेले असते. त्यामुळे तीन टीशर्ट, दोन पँटी. स्वस्त विमानात हातातले सामान सात किलो चालते. त्यातले चार किलो वैराग्य त्याचे आणि तीन किलो मेतकूट, भाजणी व लिंबाचे लोणचे आईचे. वाटेत टीशर्ट टाकून द्यावे लागतात, लोणचे शेवटपर्यंत टिकते.

पहिला मुक्काम बहुधा व्हिएतनाम. नव्वद दिवसांचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, आणि तीस-पस्तीस हजार रुपये बदलले की हातात कोटभर डाँग येतात. वाकडमध्ये हप्ते मोजणारा माणूस हनोईत उतरल्याबरोबर कोट्यधीश! तिथे तो रुळांना खेटून असलेल्या दुकानात अंड्याची कॉफी पितो आणि लिहितो, 'इथे वेळ थांबलेली आहे.' लिहिण्याच्या बाबतीत मात्र त्याला दम नसतो. गोडसे भटजींनी सत्तावन्नचा प्रलय डोळ्यांनी पाहिला आणि 'माझा प्रवास' लिहायला पाव शतक घेतले. पुस्तक छापून आले ते 1907 साली. आमचा वीर विमानतळाबाहेर पडायच्या आत त्या देशाच्या स्वभावाविषयी सहा मुद्दे मांडून मोकळा.

दोन-तीन महिने असे स्वर्गात जातात आणि मग युरोपची पाळी येते. इथून या व्यक्तिचित्राचा शोकांत अंक सुरू होतो.

शेंगेन व्हिसा एक, देश 29. ऐकायला स्वस्त वाटते. पण अर्ज करायचा तो आपण जिथले रहिवासी तिथून. म्हणजे जगप्रवासाच्या ऐन मध्यावर वीर पुन्हा पुण्यात! आई लोकांना सांगते, "प्रोजेक्टमध्ये ब्रेक मिळालाय." फी 90 युरो, नकार आला तरी परत नाही. 30 हजार युरोचा आरोग्यविमा, बँकेची स्टेटमेंट, प्राप्तिकराची विवरणपत्रे, सगळे त्याच्याकडे नीट फायलीत लावलेले असते. खिडकीपलीकडची मुलगी एकेक कागद उलटत जाते आणि गोड आवाजात विचारते, "सर, एम्प्लॉयरचं एनओसी?"

राजीनामावीराने या प्रश्नाची तयारी केलेली नसते. तो जगण्याविषयी बोलू लागतो. मुलगी ऐकून घेते. "सर, मग लास्ट थ्री मंथ्सच्या सॅलरी स्लिप्स तरी?"

जगाची गंमत आहे ती ही. नोकरी आहे त्याला जग म्हणते, या. पण त्याला रजा नाही. रजाच रजा आहे त्याला विचारते, नोकरी कुठाय? युरोपचे म्हणणे सरळ आहे: परत जाण्यासारखे तुझे मागे काय आहे ते दाखव. तरुण, अविवाहित, बेकार आणि खात्यात बरे पैसे असलेला माणूस म्हणजे व्हिसा अधिकाऱ्याच्या दृष्टीने संशयाची चालतीबोलती व्याख्या. अमेरिका तर एक पाऊल पुढे. हा कायमचा राहायलाच येतोय असे कायद्याने गृहीत धरूनच तिथला अधिकारी पर्यटकाची मुलाखत सुरू करतो. नाही हे अर्जदाराने सिद्ध करायचे.

साठ-सत्तरच्या दशकात हीच वारी उलट्या दिशेने चालली होती. लंडन-ॲमस्टरडॅमची पोरे इस्तंबूल, तेहरान, काबूल करीत काठमांडूला पोचायची आणि कित्येक गोव्यातल्या हणजुणच्या किनाऱ्यावर येऊन पडायची. 1979 साली इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा घुसल्या आणि तो रस्ता बंद पडला. पण तोवर त्यांच्यातल्या कुणाला हणजुणला पोचण्यासाठी साहेबाची सहीशिक्क्याची ना-हरकत आणावी लागल्याचे ऐकिवात नाही. आमच्या वीराला मात्र मुक्त व्हायचे तर आधी कुणाच्या तरी पगारावर असावे लागते.

या काळात घरात गुहागरचा चुलतभाऊ येऊन जातो. तो मालवाहू जहाजावर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम. एका करारात आठ-नऊ महिने पाण्यावर. रॉटरडॅम, ब्राझीलचे सँटोस, सिंगापूर त्याला चिपळूण-गुहागर रस्त्यासारखे पाठ. वीर त्याला उत्साहाने विचारतो, "ब्राझील कसं रे?" तो म्हणतो, "क्रेनी बऱ्या आहेत." त्याच्या पासपोर्टवर आणि सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकावर, शिक्के मारायला जागा उरलेली नाही, पण त्याने आजवर एकही मुद्दा मांडलेला नाही. त्याला जग बघायचे नसते. सुटीत त्याला पडवीत बसून समोरच्या आगरातला नारळ कोण चोरतो ते बघायचे असते. दोघे भाऊ एकमेकांकडे निखळ करुणेने पाहतात.

शेवटी युरोप राहून जातो किंवा दहा दिवसांचा मिळतो, आणि उरलेले वर्ष अल्माटी, तिबिलिसी, बाली असे हिरव्या-पिवळ्या रंगांच्या आधाराने भरून निघते. वीर परततो. दाढी वाढलेली, खाते उतरलेले. जुनाच टीम लीडर आता दुसऱ्या कंपनीत असतो, तो बोलावून घेतो. बायोडेटात त्या वर्षापुढे 'विविध संस्कृतींमधील संवाद व मर्यादित संसाधनांचे नियोजन' असे लिहिलेले असते. एचआर प्रभावित होते. पगार कंपनीत टिकून राहिलेल्या मित्रांपेक्षा थोडा जास्तच मिळतो, कारण आपल्याकडे राहणाऱ्यापेक्षा येणाऱ्याचा भाव नेहमीच चढा. सोमवारी तो पुन्हा भूमकर चौकात. डंपर पुढेच.

म्हणून त्याचे वर्ष वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. बाबांना आता तिबिलिसी नकाशात दाखवता येते आणि तिथली बिले कुणी पास केली नाहीत याची ते मनापासून हळहळ करतात. वीराचेही बोलणे कमी झाले आहे. ब्राझीलच्या क्रेनींविषयी त्याने भावाला फोन करून सविस्तर विचारल्याचे कळते. ज्याला जग बघावेसे वाटते त्याने बघावेच. आम्ही अडवणारे कोण?

तेव्हा तुमच्या घरात असा वीर तयार होत असेल, तर त्याला वैराग्याचे धोके समजावत बसू नका, भविष्यनिर्वाह निधीचाही धाक घालू नका. एवढेच सांगा: बाबा रे, युरोप रजेवर कर, राजीनामा व्हिएतनामसाठी राखून ठेव.