ताटातली लाट

हैदराबादला समुद्र नाही, पण ही उणीव या शहराने कधी उघडपणे मान्य केलेली नाही. जवळची वाळू म्हणजे बापटल्याची सूर्यलंका, तीही तीनेकशे किलोमीटरवर. तेवढा धीर इथल्या निवांत माणसांना कुठून असणार? मग कुतुबशाहीत हुसेनसागर बांधला गेला आणि १९०८ साली मुसीने अर्धं शहर धुऊन नेल्यावर उस्मानसागर, हिमायतसागर उभे राहिले. कारणं सगळी शहाणपणाची होती, पूर आणि पिण्याचं पाणी. पण संध्याकाळी टँक बंडवर भाजलेलं कणीस खात उभा असलेला माणूस पाहावा. त्याच्या चेहऱ्यावर अस्सल चौपाटीवरची उदासी असते. पलीकडे सिकंदराबाद दिसतं, तिकडे तो सभ्यपणे दुर्लक्ष करतो.

अशा शहरात समुद्राकाठी इटालियन जेवायची हौस आली, तर माणूस दुर्गम चेरुवू गाठतो. एके काळी गोवळकोंड्याच्या किल्ल्याला पाणी पुरवणारं हे तळं आता माधापूरच्या काचेच्या इमारतींना आरसा दाखवत बसलेलं असतं. २०२० साली झालेल्या केबल पुलाचे दिवे त्यात रंग बदलत राहतात. काठच्या खडकांवरच्या एका उंची उपाहारगृहात मी आत्याला घेऊन गेलो. आत्याचं सगळं आयुष्य सुलतान बाजार आणि काचीगुडा यांच्यामध्ये गेलेलं. मेणबत्तीच्या उजेडात ती मेन्यूकार्ड पोथीसारखं दूर धरून वाचत होती.

“इथलं सगळं ऑथेंटिक असतं,” मी इटलीचा जावई असल्यासारखा म्हणालो. इटली मी नकाशात पाहिलेली. पण अस्सलपणाची ग्वाही द्यायला चव घ्यावीच लागते असं थोडंच आहे? आत्या जन्मभर शाकाहारी. तरी बिर्याणीच्या बाबतीत तिचा शब्द आमच्या घरात शेवटचा. कच्च्या गोश्तची, दम दिलेली, हंडीचं तोंड कणकेने लिंपलेली तीच खरी. बाकी सगळा पुलाव. हे ज्ञान तिला शेजारच्या वाड्यातून ईदला येणाऱ्या वासावरून झालेलं. खिडकीशी उभी राहून ती केवडा कमी पडल्याचं सांगे, आणि पलीकडच्या खालाजान तिचं ऐकतही. एक घासही न खाता सत्तर वर्षं निष्ठा वाहणं इश्कातसुद्धा कुणाला जमत नाही.

रिसोट्टो आला, केशर घातलेला, मिलानच्या पद्धतीचा. १५७४ साली तिथल्या एका लग्नात काच रंगवणाऱ्या कारागिराच्या चेल्याने भातात थट्टेने केशर टाकलं अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली तर हा भात हैदराबादपेक्षा सतरा वर्षांनी मोठा. वेटर टोलीचौकीचा, अदबशीर पोरगा. त्याने समजावून सांगितलं, की हा भात झाकत नाहीत, पळी-पळी गरम रस घालत सारखा ढवळतात. बिर्याणीला एकटं सोडावं लागतं, रिसोट्टोला क्षणभरही सोडून चालत नाही. आत्याने दोन्ही स्वभावांची माणसं नात्यात पाहिलेली असावीत. तिने समजुतीने मान हलवली.

“और देखो अम्मा,” म्हणत त्याने ताटली किंचित कलती केली. पिवळा भात सावकाश पुढे सरकला, कडेशी थबकला आणि परत फिरला. तो नीट झाला असेल तर असा लाटेसारखा हलायलाच हवा, इटलीत हीच त्याची परीक्षा. कुतुबशहाला आणि निजामाला मिळून तीन-तीन सागरांत जमलं नाही ते या पोराने एका ताटलीत करून दाखवलं. आत्याने “फिर एक बार” म्हणून ती लाट पुन्हा मागवली. गोपाळपूरला नवऱ्याबरोबर एकदाच पाहिलेल्या समुद्राबद्दल ती मग बराच वेळ बोलत राहिली. तिथे म्हणे तिची चप्पल वाहून गेली होती आणि मामंजींना ते कधीच सांगितलं नव्हतं. भात तोवर घट्ट झाला.

निम्मा उरला. वेटर हळहळत म्हणाला, हा बांधून नेण्यासारखा नाही, सकाळी याचा गोळा होईल.

“होऊ दे की,” आत्या म्हणाली, “फोडणी देते मैं.”

पोरगा क्षणभर गप्प झाला. मिलान, त्याचा शेफ आणि त्याची स्वतःची आई यांच्यात त्याच्या मनात काहीतरी झटापट झाली असणार. मग डबा आणून, इकडेतिकडे पाहत, त्याने हळूच विचारलं, “अम्मा, घर में कर्यापाक है ना?”