अल कुद्राचा गांडीवधारी

वाळवंटात चढ नसतो, असं मी हिला आठवडाभर पटवत होतो. नसतोच. चढाचं खातं तिथे वाऱ्याकडे आहे. चढ निदान कधीतरी संपतो. वारा समोरून सुरू झाला की आपली खोड जिरेपर्यंत हलत नाही.

माझी तयारी चोख होती. बुडाखाली गादी शिवलेली लायक्राची चड्डी, पेडलला अडकणारे बूट, दोन बोटांवर उचलता येईल अशी कार्बनची सायकल. तिची किंमत घरी दिरहॅममध्येच सांगितली होती. दिरहॅममध्ये सांगितलं की आकडा सोवळ्यात राहतो. हिने तिथेच भाड्याची सायकल घेतली. पंजाबी ड्रेस, हेल्मेट, पाठीवरच्या सॅकमध्ये थालीपिठं आणि आल्याच्या चहाचा थर्मास.

दुबईबाहेरचा अल कुद्राचा हा सायकल ट्रॅक सुमारे ८६ किलोमीटरचा. "सगळा करू," मी म्हणालो. "बघू," ही म्हणाली. आमच्या संसारात हिने 'बघू' म्हटलेलं आजवर काहीही झालेलं नाही.

मी सुसाट पुढे निघालो. थोड्याच वेळात एक पांढऱ्या दाढीचे गोरे आजोबा "मॉर्निंग!" म्हणत मला मागे टाकून गेले. त्यांना धापही लागलेली नव्हती, याचा राग जास्त आला. पुढे ट्रॅकच्या कडेला सरळसोट शिंगांचा एक ऑरिक्स उभा होता. हे जनावर १९७२च्या सुमारास रानातून पार संपलं होतं. माणसांनी प्राणिसंग्रहालयांत वाढवून पुन्हा वाळवंटात सोडलं. माझ्याकडे त्याने अशा काही नजरेने पाहिलं, की माझ्या जमातीसाठी कुणी एवढी खटपट करणार नाही याची खात्री पटली.

मग मी एका झाडाखाली थांबलो. दमलो म्हणून नव्हे, झाड बघायला. गाफ म्हणतात त्याला. अमिरातींचा हा राष्ट्रीय वृक्ष म्हणजे आपली शमी! आमच्या पेठेत शमी भेटते ती गणपतीच्या पत्रीत, जुडीतून डोकावणाऱ्या दोन काड्यांपुरती. इथे ती ऐसपैस सावली धरून उभी. मुळं पाण्याच्या शोधात खोल खोल गेलेली, पानं उन्हाला न जुमानता हिरवी. अज्ञातवासात पांडवांनी शस्त्रं लपवली ती हिच्यावरच. वर कुणी फिरकू नये म्हणून एक प्रेतही टांगलं. आता मला सांगा, वर्षभर कुणाही गुराख्याने मान वर करून पाहिलं नाही? आमच्या सोसायटीत अज्ञातवास झाला असता तर संध्याकाळपर्यंत गांडीवाची किंमत सगळ्या मजल्यांना कळली असती. आणि एवढी सेवा शमीने करायची, दसऱ्याला सोनं म्हणून लुटायचा मात्र आपटा! हा अन्याय मी पोटतिडकीने मांडत असताना ही शांतपणे पोचली, सायकल लावली, ओढणी अंथरली.

"पांडवांनी शस्त्रं झाडावर ठेवली," ती म्हणाली, "तुम्ही सायकलचं बिल माझ्या साड्यांखाली ठेवलंत. मी तेव्हाच रुपये करून बघितले."

मी थालीपीठ तोंडात कोंबलं.

ट्रॅकवर आलेली वाळू लांब दांड्याच्या झाडूने लोटत एक जण जवळ आला. डोक्याला गमछा, हातमोज्यांची बोटं फाटलेली. हिने त्याला बोलावून थालीपीठ दिलं. गोरखपूरकडचा निघाला. तीन वर्षं घरी गेला नव्हता. माझ्या सायकलकडे बघून त्याने विचारलं, "साहब, कितने की है?"

मी अर्धीच किंमत सांगितली, तीही दिरहॅममध्ये. पण तो तर रोजच दिरहॅमचे रुपये करत जगणारा माणूस. ओठ किंचित हलले आणि थांबले. आकडा त्याने कशात मांडला असेल? गावी पाठवायच्या पैशांत, का परतीच्या तिकिटांत? "अच्छी है," एवढंच म्हणाला. त्या सगळ्या वैराण मुलखात मला नेमकी माझ्या चड्डीची लाज वाटली.

"अहो, त्यांना एक चक्कर मारू द्या की," ही म्हणाली.

माझ्या पेडलवर त्याचे बूट ठरेनात. मग तो हिच्या सायकलवर बसला. आधी सुपरवायझर कुठे दिसतो का ते पाहिलं, आणि चांगला लांबवर जाऊन, एक हात सोडून, गमछा उडवत परत आला.

"भाभीजी, असली साइकिल तो ये है!"

हिने थर्मास उघडून पहिला चहा त्याला दिला. दुसरा स्वतः घेतला.