थांब भो, कोरस येतोय

हा माणूस तुमच्याही ओळखीत आहे. पन्नाशी आली, पोट सुटलं, उरलेल्या केसांची मागे शेपटी, आणि भर मे महिन्यात अंगात काळा टी-शर्ट. त्यावर ड्रॅगन. आमच्याकडचा हा नमुना सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. शाळेत असताना नाशिकहून कॅसेटी भरून आणायचा, तेव्हापासून मेटलच ऐकतो. पण गेली वीस-पंचवीस वर्षं सिंफनिक पॉवर मेटलने त्याला पुरता धरलाय. भरधाव गिटार, ऑपेराच्या गळ्याची बाई, व्हायोलिनांचा ताफा, मागे पन्नास माणसं एका सुरात, आणि ड्रमर दोन्ही पायांनी ढोल बडवतोय. हे सगळं एकदम.

तेही सोसलं असतं. पण त्याचं ते बोट! तुम्ही मुलीच्या स्थळाबद्दल सांगत असा, नाहीतर पाणीपट्टीबद्दल, एका कानात इअरफोन ठेवून तो हुं हुं करतो आणि मधेच तर्जनी वर. ‘थांब भो, कोरस येतोय.’ कोरस येतो, जातो, बोट खाली येतं. ‘हां, स्थळाचं काय म्हणत होतास?’

एका दहाव्याला नदीकाठी आम्ही सगळे ताटकळलो होतो. पिंडाला काही कावळा शिवेना. एवढ्यात याचं बोट वर गेलं. ‘थांबा, येतोय!’ गुरुजींसकट सगळ्यांनी माना वर केल्या. आभाळात कावळा नव्हता. कोरस होता.

त्याचा लाडका नाईटविश हा बँड फिनलंडमधल्या किटे नावाच्या गावचा. ते आमच्या सिन्नरहून लहान, याचा त्याला कोण अभिमान! ऑक्टोबर २००५ मध्ये हेलसिंकीतला कार्यक्रम संपला आणि बँडवाल्यांनी आपल्याच गायिकेला, टार्या टुरुनेनला, पत्र देऊन बँडमधून काढलं. हा सुतकी चेहऱ्याने ओट्यावर बसलेला. शेजारच्या काकूंनी चौकशी केली.

‘हातात पत्र दिलं हो, काकू. नऊ वर्षं राबली त्यांच्याकडे.’

‘आणि माहेरचे गप्प बसले?’

त्या बँडने पुढे दोन गायिका बदलल्या, तरी काकू आजही विचारतात, ‘त्या पोरीचं मिटलं का रे?’

पाहुणा आला की हा त्याला गावातल्या यादवकालीन गोंदेश्वराला नेतो. मंदिर दाखवायला नव्हे, संगीत समजावायला. ‘हे मधलं शंकराचं मोठं देऊळ म्हणजे गिटार. चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती, सूर्य. म्हणजे व्हायोलिन, कोरस, ड्रम आणि बाई. यादवांना सगळं कळत होतं!’ इटलीतल्या ऱ्हॅप्सडी बँडच्या २००४ च्या अल्बममध्ये ख्रिस्तोफर लीने, म्हणजे साक्षात ड्रॅक्युलाने, निवेदन केलंय, हे तो त्याच दमात सांगतो. पाहुणा नंदीकडे बघत राहतो.

मला चीड येते ती गावाची. आपल्याकडे वरातीच्या डीजेने खिडक्यांची तावदानं थरथरतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं, आणि ती हौस ठरते. हा इअरफोनमध्ये ऐकतो, कुणाची झोप मोडत नाही, तर तो वेडा.

१ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडन मुंबईत वाजवणार होते. त्यांच्या जगभराच्या दौऱ्याचा तो पहिला कार्यक्रम, आणि बँडचं विमान चालवत होता त्यांचाच गायक. मेडन म्हणजे याचं कुलदैवत. घरी लग्नाला जातो म्हणून सांगितलं आणि एकटाच एसटीत बसला. बीकेसीच्या मैदानात हजारो काळे टी-शर्ट, सगळ्यांना सगळी गाणी पाठ. परतला तेव्हा आवाज पार बसला होता. घशातून जेमतेम निघेल तेवढ्यात म्हणाला, ‘तिथं कुणाला थांब म्हणावं लागलं नाही, भो.’

सिन्नरात त्याच्याबरोबर ऐकणारं दुसरं कुणी नाही. पोरगा रॅप ऐकतो, बायको मालिका बघते. म्हणून मग तो इअरफोनचा दुसरा तुकडा माझ्या कानात कोंबतो. हल्ली मी तो काढून टाकत नाही. कोरस खरंच भारी असतो, हे त्याला मात्र सांगू नका, नाहीतर तो घरी मुक्कामालाच येईल.

तुम्हाला ऐकून बघायचं असेल तर नाईटविशच्या ‘घोस्ट लव्ह स्कोअर’पासून सुरुवात करा. दहा मिनिटांचं गाणं आहे. स्टँडवर असाल तर पुण्याची गाडी चुकेल, ते धरून चाला.