सध्या एक लिहितोय

"सध्या काय?" असं तुम्हाआम्हाला कुणी विचारलं तर आपण "काही नाही, चाललंय" म्हणून पुढे सटकतो. नटाला ती सोय नाही. त्याने "काही नाही" म्हटलं की समोरचा लगेच दुखवट्याला आल्यासारखा चेहरा करतो. आमच्या मजल्यावरच्या नटाने यावर कायमचा बंदोबस्त करून ठेवलाय. मालिका चालू असली की तो म्हणतो, "शूटिंग आहे रे, लिहायला वेळच मिळत नाही." मालिका बंद पडली की म्हणतो, "सध्या एक लिहितोय." म्हणजे बारा महिने तो कामातच असतो, आणि बारा महिने त्याच्या खऱ्या कामात काहीतरी आडवं येत असतं.

असा एखादा नट-लेखक तुमच्याही ओळखीचा असणार. ठाणे, डोंबिवली, बोरिवली इथल्या गृहसंकुलांत ही जात मुबलक. नाव आठवत नाही, पण चेहरा शंभर टक्के पाहिलेला. तो नायिकेचा मामा असतो, प्रामाणिक इन्स्पेक्टर असतो, मृत्युपत्र वाचून दाखवणारा वकील तर हमखास असतो. नाटकाच्या जाहिरातीत त्याचं नाव चौथं यायला लागलं की तो निर्मात्याकडे जाऊन ते शेवटी टाकून घेतो. अट एकच, आधी 'आणि' पाहिजे. "चौथा म्हणजे चौथा. 'आणि'वाला म्हणजे वजनदार," असं त्याचं गणित आहे, आणि या धंद्यात ते खोटंही नाही.

आमचा हा नट मूळचा पुण्याचा. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकात एकांकिका लिहिली, बसवली आणि तीत कामही केलं. भरत नाट्य मंदिरात गळ्याच्या शिरा ताणून "आव्वाज कुणाचा" ओरडणारी पोरं त्या वर्षी याच्या नावाने ओरडली. 1963 पासून या स्पर्धेने मराठी घरांतली किती इंजिनियर पोरं बिघडवली याची मोजदाद कुणी केलेली नाही. हा त्यांतलाच एक. पदवी घेतली, नोकरी धरली, नोकरी सोडली आणि मुंबईची गाडी पकडली. त्या एकांकिकेचं प्रमाणपत्र अजून हॉलमध्ये आहे. इंजिनियरिंगचं कुठं आहे ते वहिनींना माहीत.

वहिनी बँकेत आहेत. या वाक्यात त्यांच्या संसाराचं अर्थशास्त्र आलं. नाटकाचा हिशेब रोखठोक असतो, प्रयोगाला एक नाईट आणि त्या नाईटचं पाकीट. प्रयोग नाही तर पाकीट नाही. मालिकेचं मानधन दिवसावर ठरतं, पण हातात पडतं ते नव्वद दिवसांनी. त्यामुळे हा दिवाळीत जो फराळ खातो तो गणपतीच्या आधी केलेल्या शूटिंगचा असतो. गृहकर्जाच्या अर्जात 'व्यवसाय' या रकान्यात याने मोठ्या झोकात 'अभिनेता-लेखक' लिहिलं. समोरच्या माणसाने नम्रपणे विचारलं, "आणि उत्पन्न कशातून?" कर्ज शेवटी वहिनींच्या पगारावर झालं. त्या माणसाला मात्र याने पुढच्या प्रयोगाचे दोन पास पाठवले. राग धरणं याच्या स्वभावात नाही. त्याला तेवढा वेळही नाही.

वहिनींनी कधी सुचवलं की दोन्ही दगडांवर पाय ठेवण्यापेक्षा एक काहीतरी नीट कर, की हा परंपरा काढतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात 'शाकुंतल' आणलं, तेव्हा लिहिलं त्यांनीच आणि रंगमंचावरही तेच उभे राहिले. पु. लं.नी 'बटाट्याची चाळ' लिहिली आणि एकट्याने सगळी चाळ उभी केली. दिलीप प्रभावळकरांनी 'हसवाफसवी' लिहून त्यात किती सोंगं वठवली. किशोर कदम पडद्यावर दिसतात तेव्हा आत कुठेतरी कवी सौमित्र बसलेलाच असतो. ही यादी हा इतक्या तालात म्हणतो की शेवटी याचं स्वतःचं नाव आलं तरी ऐकणाऱ्याला खटकू नये. वहिनी भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, "पु. लं.ना सुनीताबाई होत्या. त्या सगळा हिशेब ठेवायच्या. मी ठेवू?" त्या दिवशी यादी सौमित्रपाशीच थांबली.

त्याच वहिनी याच्या पहिल्या श्रोत्या. नवा प्रवेश लिहिला की रात्री साडेअकराला वाचन. हा सगळी पात्रं वाचतो, बायकांचे आवाज काढतो, कंसातल्या सूचनाही अभिनयासकट वाचतो. संपल्यावर त्या म्हणतात, "बरंय." मग हा सकाळी चहाच्या वेळी माझ्याकडे येऊन त्या 'बरंय'ची चिरफाड करतो. 'ब' वर जोर होता का? नंतर सुस्कारा होता? कालच्यापेक्षा आजचं 'बरंय' लांब होतं की आखूड? समीक्षकांनी याच्या नाटकांचा इतका विचार कधी केला नसेल, तितका याने त्या तीन अक्षरांचा केलाय.

याची पिशवी बघण्यासारखी असते. आत मेकअप पुसायचे वाइप्स, घशासाठी ज्येष्ठमध, चुरगळलेली शाल, मागच्या दौऱ्यातल्या लॉजचा साबण आणि कागदांचा भारा. या भाऱ्यातच याचं वाङ्मय आहे. मालिकेच्या सेटवर रोज सीनचे कागद वाटतात, आणि शॉट झाला की ते फेकून देतात. हा ते गोळा करतो आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर नाटक लिहितो. म्हणजे पुढच्या बाजूला सासू चक्कर येऊन पडतेय, आणि मागच्या बाजूला स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय माणसाची नैतिक कोंडी चालू आहे. सेटवर लायटिंगला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढ्यात याची कोंडी पुढे सरकते. "सर, शॉट रेडी," अशी हाक आली की मध्यमवर्गीय माणूस अर्ध्या वाक्यात लोंबकळत राहतो आणि हा जाऊन मृत्युपत्र वाचून येतो.

एकदा या पद्धतीने घोटाळा केला. एका निर्मात्याने याला वाचनाला बोलावलं. याने घाईघाईत कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्सला कागद टाकले, आणि दुकानातल्या मुलाने इमानेइतबारे दोन्ही बाजूंची प्रत काढली. ती निर्मात्याकडे आदल्या दिवशीच पोचली. दुसऱ्या दिवशी निर्माते खुशीत. "पहिला अंक थोडा जड आहे," ते म्हणाले, "पण मधेमधे ती सासू येते ना, तिथं नाटक उचललं जातं. तिला वाढवा." याने घरी येऊन दोन दिवस तोंडावर पांघरूण घेतलं. तिसऱ्या दिवशी नाटकात सासू आली. खरं सांगायचं तर नाटक सुधारलं.

मालिका लिहिण्याचा प्रकार आणखी वेगळा. तिथे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे. तिघांच्या वर वाहिनीचे लोक असतात. ते "इथे थोडं इमोशन वाढवूया सर" असं फोनवर सांगतात आणि फोन ठेवतात. हा बहुतेक वेळा तिसरा. एका मालिकेत तर हा संवाद लिहीत होता आणि नायिकेच्या काकांचं कामही करत होता. आकडे घसरले तसं ठरलं की काकांना मारायचं. निरोप आला तो नटाला नाही, लेखकाला. "पुढच्या आठवड्यात काका जातायत, तसे सीन पाठवा." स्वतःचं मरण स्वतःच्या हाताने लिहायचं, आणि तेही उद्या सकाळी नऊच्या युनिटच्या कॉलच्या आत!

याने बदला घेतला. काकांना मरायला चार एपिसोड लागले. पहिल्यात छातीत कळ, दुसऱ्यात इस्पितळ, तिसऱ्यात शुद्धीवर येऊन घराण्याचं गुपित सांगायला सुरुवात, आणि चौथ्यात गुपित अर्धवट ठेवून प्राणत्याग. ते गुपित काय होतं हे यालाही ठाऊक नव्हतं, पण पुढे मालिकेला महिनाभर पुरलं. काकांचा हार घातलेला फोटो हॉलच्या भिंतीवर लागला आणि रोज दिसू लागला. हा निर्मात्याला विचारायला गेला, "फोटोचे दिवस धरणार का?" विचारताना हसत होता, पण थोडी आशाही असावी. दरम्यान भाजी मंडईत एका आजींनी याचा हात धरला, नीट न्याहाळलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "अहो, तुम्ही गेलात ना बुधवारी?" याने त्यांच्या पाया पडून आशीर्वाद घेतला. घरी येईपर्यंत याची पावलं जमिनीवर नव्हती. असं कौतुक याला कुठल्याही पुरस्काराने दिलेलं नाही.

सोसायटीच्या गणपतीत नाटक असतं ते अर्थातच याचं. आपण म्हणू, चार हौशी माणसं, उरकावं कसंबसं. पण तिथेही हा वाचन घेतो, नकाशा आखतो, तालमीला पाच मिनिटं उशीर झाला तर डोळे वटारतो. एका वर्षी सेक्रेटरींना हवालदाराचं काम दिलं, वाक्य एकच. दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा पडलेला बघून याने दुसरं वाक्य लिहिलं, तिसऱ्या दिवशी तिसरं. गणपतीपर्यंत हवालदार नाटकाचा नायक झाला होता आणि मूळ नायकाच्या बायकोने आमच्याशी बोलणं सोडलं होतं. रात्री पुण्याचा प्रयोग करून नाटकाच्या बसने पहाटे घरी यायचं, दोन सीन लिहून पाठवायचे, आंघोळ करून शूटिंगला जायचं आणि संध्याकाळी परत सोसायटीच्या तालमीला हजर. याचं त्याला काही वाटत नाही. मी विचारलं तर म्हणाला, "अरे, झोप काय, सेटवर मिळते."

आता त्या नाटकाचं सांगतो, ते सासूवालं. ते खरोखर रंगभूमीवर आलं. याने स्वतःसाठी वकिलाचं छोटं काम लिहिलं होतं, दोन प्रवेश आणि भरपूर टाळ्यांचं. पण निर्मात्याला तिथे पडद्यावरचा चेहरा हवा होता, म्हणून ते दुसऱ्या नटाला गेलं. हा नुसता लेखक उरला आणि गडकरी रंगायतनमध्ये प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेमागे उभं राहून प्रयोग बघू लागला. त्या नटाने तिसऱ्याच प्रयोगात एक पदरचं वाक्य टाकलं. हशा आला. याचा रक्तदाब वाढला. मध्यंतरात हा मेकअप रूममध्ये जाऊन गरजला, "परिनिरीक्षण मंडळाने पास केलेली संहिता आहे. एक शब्द इकडचा तिकडे झालेला मला चालणार नाही. डॉ. लागूंनी आत्मचरित्राचं नाव 'लमाण' ठेवलं, ते उगाच? माल वाहून न्यायचा, त्यात भर घालायची नाही." तो नट पाकीट खिशात घालत "हो सर, हो सर" म्हणाला आणि दुसऱ्या अंकात आणखी एक वाक्य घातलं.

पुढे पार्ल्याला दीनानाथमध्ये प्रयोग लागला, आणि ऐन वेळी त्या नटाचं शूटिंग लांबलं. मढवरून रहदारीतून निघणं अशक्य. दिग्दर्शकाने याला उभं केलं. पाठांतराचा प्रश्नच नव्हता. मी त्या दिवशी प्रेक्षागृहात होतो. पहिल्या प्रवेशात याने संहिता तंतोतंत पाळली, एक वेलांटी सोडली नाही. दुसऱ्या प्रवेशात एका साध्या वाक्यावर अनपेक्षित हशा आला, आणि मला याच्या मानेची हालचाल दिसली. बस्स. पुढचं एक वाक्य पदरचं, त्यावर हशा. दुसरं पदरचं, त्यावर टाळी. मग मृत्युपत्रात कधीच नसलेली एक आंब्याची बाग निघाली, तिच्या वाटण्या झाल्या, त्यातला एक आंबा सासूने परत केला. विंगेतून रंगमंच व्यवस्थापक हातवारे करत होता. सासूचं काम करणारी बाई पदराआड हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी याच्या घरी चहाला गेलो, तेव्हा हा गॅलरीत उभा राहून दिग्दर्शकाशी फोनवर बोलत होता. स्वर लेखकाचा होता, म्हणजे दुखावलेला.

"कालचा प्रयोग फार लांबला रे. लिहिलेलं सगळं पसरतं अशाने. नटांना जरा समज दे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"कुठल्या नटाला म्हणजे?" हा म्हणाला. "अरे, सगळ्यांनाच सांग. एकेकाचं नाव कशाला घ्यायचं!"